सव्वादोन आणि पावणेतीन : पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातील शालेय गणिताची पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या समितीच्या सन्माननीय सदस्यांस,



मी सहावी-सातवीला गणित शिकवते. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी या कामात माझी २६ वर्षे गेली. मुले कुठे अडतात ते आता पाठ झाले आहे. पण एक भाग जवळ आला की अजूनही माझ्याच पोटात गोळा येतो : भिन्न छेद असलेल्या पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज आणि वजाबाकी. नावच एवढे लांब की फळ्यावर एका ओळीत मावत नाही. मुलांच्या हाती पडणारे पुस्तक आपण घडवता, म्हणून या एका प्रकरणाविषयी मनात साठलेले सगळे आपल्यापुढे मांडते आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधीची चाचणी होती. १ १/२ + १ ३/४ हे उदाहरण दिले होते. एका मुलीने उत्तर लिहिले, २ ४/६. पूर्णांकात पूर्णांक मिळवला, अंशात अंश, छेदात छेद. ती एकटी नव्हती. दरवर्षी गठ्ठ्यातल्या कितीतरी पेपरांत हेच उत्तर असते. मी लाल पेनाने फुली मारली आणि बाजूला 'लसावि?' असे लिहून पुढचा पेपर घेतला.

त्या मुलीच्या घरून आमच्याकडे दुधाचा रतीब आहे. पाहुणे यायचे होते म्हणून त्या दिवशी दूध वाढवून सांगितले होते. संध्याकाळी ती किटली घेऊन आली. माप घालता घालता म्हणाली, "बाई, सकाळचं दीड आणि आत्ताचं पावणेदोन. सव्वातीन मांडा कॅलेंडरवर."

तिने बोटे मोजली नाहीत, वर पाहिले नाही, ओठ हलवले नाहीत. मी आतून तिचा पेपर आणला आणि ते उदाहरण मोठ्याने वाचायला सांगितले. तिने वाचले, "एक पूर्णांक एक छेद दोन अधिक एक पूर्णांक तीन छेद चार." मी काहीच बोलले नाही. ती पुन्हा पाहू लागली. मग हळूच म्हणाली, "हे दीड आणि पावणेदोन आहे का?" आणि लगेच, "मग माझं उत्तर चुकलं बाई. तीनसुद्धा नाही झाले. दूध सांडलं की सगळं."

सांडलेले दूध आम्ही नंतर वर्गात मोजले. सव्वातीनातून दोन पूर्णांक चार छेद सहा वजा केले तर ७/१२ लिटर उरते. अर्ध्या लिटरहून जास्त. घरी एवढे दूध कमी भरले असते तर त्या मुलीला तत्काळ कळले असते. कागदावर कळले नाही, याचा दोष मी बरीच वर्षे मुलांच्या आळसावर ढकलला. ती माझी चूक होती. 'एक पूर्णांक तीन छेद चार' म्हणजे पावणेदोन, ही गोष्ट मी तिला कधी सांगितलीच नव्हती. ती तिला आपोआप कळत असेल असे मी धरून चालले होते. तिच्या दृष्टीने कागदावर सहा सुटे अंक होते, मध्ये एक अधिकचे चिन्ह होते आणि त्यांचे काय करायचे याचा एक नियम होता, जो ती विसरली होती.

मला मांडायचे आहे ते हेच. मराठी मूल हे गणित घरून घेऊन येते. पुस्तक मात्र ते कोऱ्या पाटीपासून सुरू करते, आणि तेही अशा भाषेत की मुलाला आपले गणित त्यात ओळखू येत नाही.

आपल्या भाषेकडे जरा निरखून पाहावे ही विनंती. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, सव्वादोन, अडीच, पावणेतीन, सव्वातीन, साडेतीन. यांतला सव्वापासून पुढचा प्रत्येक शब्द हा पूर्णांकयुक्त अपूर्णांक आहे, आणि प्रत्येकाच्या पोटात एक क्रिया दडलेली आहे. सव्वा हा 'सपाद', म्हणजे पाव भागासह. पाऊण हा 'पादोन', म्हणजे पाव भागाने उणा. साडे हा 'सार्ध'. अडीच आला 'अर्धतृतीय'वरून, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे असा. साडेतीनाला जुना शब्द औट, तो 'अर्धचतुर्थ'वरून. जे मूल 'पावणेतीन' म्हणते, त्याने तोंड उघडण्याआधीच तीनातून पाव वजा केलेला असतो. तेच मूल 'दोन पूर्णांक तीन छेद चार' म्हणते तेव्हा ती वजाबाकी पुसली जाते, आणि ही संख्या तीनाच्या अगदी जवळ आहे ही जाणीवही तिच्याबरोबर जाते.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे जुन्या शाळेत पाठ करून घेत. ते परत आणा असे मी मुळीच म्हणत नाही. ती घोकंपट्टी होती, छडीच्या धाकाने होती, आणि त्या शाळेत कोणाला बसू द्यायचे आणि कोणाला नाही याचा इतिहास आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मला पाढे नकोत. त्या पाढ्यांमागची जी संख्यांची ओळख घरोघर अजून जिवंत आहे, ती पुस्तकाच्या पहिल्या पानावर हवी.

माझी आजी शाळेत गेलेली नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराआड कॅलेंडर टांगलेले असे आणि रोजच्या चौकोनात ती दुधाचे माप मांडत असे. दीड असेल तर १॥, सव्वा असेल तर १।, पावणेदोन असेल तर १॥।. एक उभी रेघ म्हणजे पाव. जुन्या पुस्तकांवर किंमत अशीच छापलेली आढळते, '२॥ रुपये'. महिनाअखेरीस आजी कॅलेंडर खाली उतरवून मांडीवर घ्यायची. आधी सगळे आकडे मिळवायची. मग रेघा मोजायची, आणि चार रेघा झाल्या की खडूने जमिनीवर एक खूण. शेवटी खुणांची संख्या आकड्यांत मिळवायची आणि चाराला अपुऱ्या पडलेल्या रेघा त्यापुढे तशाच ठेवायची. दूधवाल्याचा आणि तिचा हिशेब जुळला नाही असे मला आठवत नाही.

आता हे आपल्या भाषेत सांगते. पूर्णांकांची बेरीज वेगळी, अपूर्णांकांची वेगळी. अपूर्णांक सगळे चार छेदाचे करून घेतलेले, म्हणजे समच्छेद. अंशांची बेरीज छेदाइतकी झाली की एक पूर्णांक बाहेर काढायचा आणि पूर्णांकांत मिळवायचा. जे प्रकरण मी फळ्यावर आठ दिवस शिकवते, ते सगळे आजीच्या मांडीवर होते. तिच्या लिहिण्याची सोय अशी की अर्धा हा दोन पाव आहे, हे वेगळे आठवावे लागत नव्हते. ते दिसत होते. १॥ आणि १॥। शेजारी ठेवा : दोन आकडे मिळून दोन, रेघा पाच, त्यांतल्या चारांचा एक, उरली एक. ३।.

हे शहाणपण फक्त चुलीपुढचे नाही, याचा दाखला भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. तो ग्रंथ ११५० सालचा, म्हणजे पावणेनऊशे वर्षांपूर्वीचा. त्यात अपूर्णांकांच्या प्रकरणात 'भागानुबंध' आणि 'भागापवाह' असे दोन प्रकार येतात. पहिल्यात संख्येला भाग जोडलेला असतो, दुसऱ्यात तो काढून घेतलेला असतो. त्यासाठी त्यांनी घेतलेले उदाहरण वाचून मी चमकले होते. पावासह दोन आणि पावाने उणे तीन, यांना एकाच जातीचे करून सांग, असे ते विचारतात. सव्वादोन आणि पावणेतीन! हेच दोन शब्द, ज्यांनी आमच्या गावात आजही दूध मोजतात आणि घड्याळ वाचतात. आणि आपल्या पुस्तकातला 'समच्छेद' हा शब्दही तिथलाच आहे. चाळीसगावजवळच्या पाटण गावी तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापन केल्याचे त्यात कोरलेले आहे. आमच्या गावाहून पाटणला जाऊन संध्याकाळी घरी परतता येते. माझ्या वर्गातल्या मुलांना हे माहीत नसावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

समच्छेद करण्याच्या भास्कराचार्यांच्या दोन रीती आहेत. आधी सरळ रीत : एकाच्या छेदाने दुसऱ्याचा अंश आणि छेद दोन्ही गुणायचे, आणि तसेच उलट. मग आटोपशीर रीत : छेदांना सामाईक भाजक असेल तर त्याने छेद आधी लहान करून घ्यायचे आणि मग गुणायचे. ही दुसरी ते जाणत्यासाठी म्हणून सांगतात. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आमच्याकडे मुलाने लसावि न काढता छेदांचा गुणाकार करून बरोबर उत्तर आणले तरी 'पद्धत' म्हणून गुण कापले जातात. मीही कापले आहेत. १/४ आणि ५/६ यांचे २४ छेदाने समच्छेद केले काय किंवा १२ छेदाने केले काय, बेरीज तीच येते. मोठे आकडे हाताळताना मूल एकदा दमले की लहान छेद ते स्वतःच शोधायला लागते. लसावि तेव्हा द्यावा, त्याच्या दमलेल्या हातात.

आणखी एक प्रसंग सांगते. शाळेचे बाक दुरुस्त करायला एक सुतारदादा आले होते. मोडक्या बाकाला बारा इंच रुंदीची बैठक हवी होती आणि जवळ दोन जुन्या फळ्या होत्या. त्यांनी टेप लावला. एक भरली सव्वासात इंच, दुसरी चार इंच तीन सूत. "साडेअकरा एक सूत," ते स्वतःशीच बोलले, "तीन सूत कमी पडतंय," आणि पट्टी शोधायला वळले. मी त्यांना थांबवले आणि विचारले, दादा, हे केलंत कसं? त्यांना प्रश्नच कळेना. मग टेप माझ्यापुढे धरून म्हणाले, "बाई, केलं काय त्यात? पाव म्हणजे दोन सूत. दोन आणि तीन पाच. चार सुताचा अर्धा झाला, एक राहिलं."

एका इंचाचे आठ सूत. टेपवर अर्ध्याची रेघ सगळ्यांत लांब, पावाची तिच्याहून आखूड, सुताची त्याहून आखूड. ७ १/४ + ४ ३/८ या बेरजेत आम्ही ज्याला लसावि म्हणतो तो आठ, त्या टेपवर आधीच छापलेला आहे. सुतार अर्धा, पाव आणि सूत वेगवेगळे वाचतो, पण मोजतो सगळे सुतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांचा टेप मागून वर्गात नेला. चार-चार मुलांच्या गटाला बाकाच्या फळ्या मोजायला दिल्या. त्या तासाला 'समच्छेद' हा शब्द मी उच्चारला नाही. तासाच्या शेवटी एका मुलानेच विचारले, "बाई, म्हणजे सगळ्याचं सूत करायचं, असंच ना?" हो, असेच. पुस्तकात या कृतीला अर्धे पान मिळाले तरी पुष्कळ होईल.

आता वजाबाकी. मुले खरी रडतात ती इथे.

७ - २ ३/५ याचे उत्तर मुले ५ ३/५ लिहितात. सातातून दोन गेले, पाच राहिले, आणि ३/५ मधून काही काढायला समोर काहीच नाही, म्हणून तो तसाच खाली उतरवला. ५ १/४ - २ २/३ याचे उत्तर लिहितात ३ ५/१२. समच्छेद बरोबर केलेला असतो, ३/१२ आणि ८/१२. पण तीनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन काढून मोकळे होतात. आणि ज्यांना हातचा घ्यायचे सुचते, ती पाचातून एक घेतात आणि तीनाचे तेरा करतात. हातचा म्हणजे दहा, हे पहिली-दुसरीपासून अंगात मुरलेले असते. मग ४ १३/१२ वजा २ ८/१२, उत्तर २ ५/१२. अशा मुलावर रागवावे तरी कसे? आपण शिकवलेले त्याने चोख लक्षात ठेवलेले आहे.

इथे मी एक शब्द बदलला आणि मला त्याचा फार उपयोग झाला. 'हातचा' म्हणायचे सोडले आणि 'मोड' म्हणायला लागले. नोट मोडणे प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. दुकानात पाच रुपये द्यायचे आणि खिशात शंभराची नोट, तर ती मोडावी लागते. मोडल्याने पैसे कमी होत नाहीत, फक्त सुटे होतात. आणि मोड कशाची मिळेल ते दुकानदाराकडे काय आहे त्यावर ठरते. तसाच पूर्णांक मोडायचा. छेद पाच असेल तर एकाचे पाच पंचमांश मिळतात, बारा असेल तर बारा. सात म्हणजे सहा आणि ५/५. त्यातून दोन आणि ३/५ गेले, राहिले ४ २/५. पाच आणि ३/१२ मधला एक मोडला की चार आणि १५/१२. त्यातून दोन आणि ८/१२ गेले, राहिले २ ७/१२. 'एकाची मोड किती?' एवढा प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. तो तिथे लिहिल्यापासून माझ्या वर्गात तीनाचे तेरा क्वचितच होतात.

याच उदाहरणाला मी घड्याळ लावते. सव्वापाचला एसटी आहे आणि आत्ता दोन वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. किती वेळ आहे? ३ ५/१२ हे उत्तर खरे धरले तर तीन तास पंचवीस मिनिटे. मुले लगेच ओरडतात, "बाई, गाडी निघून जाईल!" मग बोटाने मोजतात : तीनपर्यंत वीस मिनिटे, तिथून सव्वापाचपर्यंत सव्वादोन तास, म्हणजे दोन तास पस्तीस मिनिटे. एक मिनिट म्हणजे तासाचा साठावा भाग, तर पस्तीस मिनिटे म्हणजे ३५/६०, म्हणजे ७/१२. फळ्यावरचे २ ७/१२ आणि घड्याळातले दोन तास पस्तीस मिनिटे एकमेकांना भेटतात तेव्हा वर्गात जी हालचाल होते, ती पाहण्यासाठी आपल्यापैकी कोणी आमच्या शाळेत यावे अशी माझी खरोखर इच्छा आहे.

या उदाहरणात मी मुद्दाम तृतीयांश घातला आहे. आपली भाषा इथे थांबते, आणि तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पाव, अर्धा, पाऊण यांना आपल्याकडे मुखी बसलेले शब्द आहेत. एक तृतीयांशाला तसा घरगुती शब्द नाही. 'तिसरा हिस्सा' म्हणतो, पण त्याचा सव्वा-पावणेसारखा जोडशब्द होत नाही. २ १/३ ला दूधवाली मुलगी काय म्हणेल? काहीच नाही. सुताराच्या टेपवरही इंचाचे तीन सारखे भाग कुठल्याच रेघेवर पडत नाहीत. सूत निम्मे करा, पुन्हा निम्मे करा, तिसरा भाग हाती येणार नाही. फुटाचे मात्र येतात, कारण फूट बारा इंचांचा. बारांत चारही जातात आणि तीनही जातात.

जुन्या रुपयातही ही सोय होती. सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणून अर्धा, पाव, निमपाव सगळे बिनचूक. आण्याच्या बारा पै होत्या म्हणून तिसरा हिस्साही बसे : पाच आणे चार पै. १ एप्रिल १९५७ ला रुपया शंभर पैशांचा झाला. हिशेब सोपे झाले, पण तिसरा हिस्सा बिनचूक देता येईनासा झाला. पाव उरला होता तो पंचवीस पैशांच्या नाण्यात, ज्याला लोक चार आणेच म्हणत राहिले. २०११ च्या जून अखेरीस तेही चलनातून गेले. आज सहावीत असलेल्या मुलाने पाव रुपया हातात धरलेला नाही.

शेतीत तर ही अडचण भांडणापर्यंत जाते. एकराचे चाळीस गुंठे, गुंठ्याचे सोळा आणे. सव्वादोन एकर म्हणजे दोन एकर दहा गुंठे, हे शेतकऱ्याचे पोर झोपेतही सांगेल. पण एक एकर तिघा भावांत वाटायचा तर वाट्याला तेरा गुंठे पाच आणे येतात आणि वर आण्याचा तिसरा भाग उरतो. तो कोणाचा, यावरून बांध कोरले गेलेले मी पाहिले आहेत.

म्हणून लसावि हवा, समच्छेदाची पक्की रीतही हवी. त्यात मला सवलत नको आहे. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. मूल जिथपर्यंत स्वतःच्या शब्दांवर चालत येते तिथपर्यंत त्याला येऊ द्या. अडीच आणि पावणेदोन त्याने तोंडी करावे, रेघांनी करावे, टेपने करावे. मग एक तृतीयांश समोर ठेवा. शब्द संपले, रेघा संपल्या, टेप संपला; आता तीनांनाही आणि चारांनाही चालेल असे माप कुठून आणायचे? हा प्रश्न मुलाला पडला की बारा हे उत्तर त्याला नियम म्हणून लादल्यासारखे वाटत नाही.

एक तांत्रिक मुद्दा, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. अनेक वर्गांत पहिली पायरी म्हणून प्रत्येक पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा अंशाधिक अपूर्णांक करायला लावतात. २७ ३/८ + १४ ५/६ घ्या. त्या रीतीने २१९/८ + ८९/६, मग ६५७/२४ + ३५६/२४, मग १०१३/२४, आणि मग भागाकार करून ४२ ५/२४. चार गुणाकार, एक भागाकार, आणि मधल्या साऱ्या वाटेत मुलाला उत्तर कुठे आसपास आहे याचा पत्ता नाही. पूर्णांक बाजूला ठेवले तर २७ आणि १४ मिळून ४१, ९/२४ आणि २०/२४ मिळून २९/२४, म्हणजे १ ५/२४, एकूण ४२ ५/२४. आजीने असेच केले असते. गुणाकाराला अंशाधिक रूप लागते, तिथे ते जरूर शिकवावे, कारण तिथे पूर्णांक वेगळे गुणून चालत नाही. पण बेरीज-वजाबाकीत ते आधी आणले की सत्तावीस आणि थोडे, चौदा आणि बरेच, ही समज पहिल्याच ओळीत बुडते. माझ्या वर्गात उदाहरण सोडवण्याआधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा असतो : उत्तर कोणत्या दोन पूर्णांकांच्या मध्ये? त्या अंदाजाला मी गुण देते. पुस्तकातल्या सरावसंचात त्यासाठी एक रकाना असावा, एवढे मागते.

कोणी म्हणेल, शहरातल्या मुलांना पावणे-सव्वा कुठे येते? खरे आहे. मुंबईहून बदली होऊन आलेल्या पालकांच्या मुलाने मला विचारले होते, "बाई, पावणेचार म्हणजे चारच्या आधी की नंतर?" त्याच्या घरचे घड्याळ नुसते आकडे दाखवते. भाजीच्या काट्यावरही आता ०.७५० उमटते. पण भाजीवाली अजून 'पाऊण झाली' म्हणते, आणि त्या मुलाला ते ऐकून कळले पाहिजे. ज्यांची घरची बोली वेगळी आहे, अशी मुलेही माझ्या वर्गात बसतात; त्यांना हे शब्द आयते मिळालेले नाहीत. त्यामुळेच ते पुस्तकात हवेत, शिकण्याची गोष्ट म्हणून, सगळ्यांसाठी. '२ ३/४ हे दोन पूर्णांक तीन छेद चार असे वाचतात. यालाच पावणेतीन म्हणतात.' दोन ओळींची जागा लागेल.

प्रकरण लिहायला घ्याल तेव्हा पहिले उदाहरण भास्कराचार्यांच्याच संख्यांचे घ्यावे : सव्वादोन आणि पावणेतीन मिळून किती? मुलांना पेन्सिल खाली ठेवायला सांगा. माझ्या वर्गात हे विचारले तेव्हा दूध आणणारी ती मुलगी म्हणाली, "पाच. याच्याकडे पाव जास्त आहे आणि त्याच्याकडे पाव कमी."

आणि दुसरे उदाहरण हे घ्यावे : २ १/३ + २ ३/४. वर्ग गप्प होईल. होऊ द्या, थोडा वेळ थांबा. कोणीतरी म्हणेल, पाचाच्या जवळ आहे. कोणीतरी म्हणेल, पाचाहून किंचित जास्त, कारण तिसरा हिस्सा पावापेक्षा मोठा असतो. 'किंचित म्हणजे किती?' असे विचारा आणि मग खडू उचला : चार पूर्णांक, ४/१२ आणि ९/१२, मिळून १३/१२, त्यातला एक बाहेर. ५ १/१२. भिंतीवर घड्याळ असेल तर तेही दाखवा, पाच तास आणि वर पाच मिनिटे.

आपली नम्र,
सहावी-सातवीची एक गणित शिक्षिका